येळवशीच्या रात्रीचा फोटो

आमच्या भागात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. गेली की माणसं 'गेली' म्हणतात, आली की 'आली' म्हणतात, आणि मधल्या वेळात गप्पा मारतात. का गेली, कुणी घालवली, असं कुणी विचारत नाही. हे आधीच सांगते, कारण त्या रात्रीचा माझा सगळा बेत याच एका समजुतीवर उभा होता आणि ती समजूत चुकीची निघाली. त्याची झळ मला लागली नाही, दाजींना लागली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धाराशिवजवळ येडशीला राहतात. उभा जन्म वायरमन म्हणून खांबांवर काढला. एकदा वादळात वरून पडले, उजव्या मांडीत सळई घालावी लागली, आणि तेव्हापासून तो पाय बोटभर आखूड आहे. चालतात झोकात, पण पळता येत नाही. रिटायर होऊन वर्ष झालं होतं तरी खाकी शर्ट काही अंगावरून उतरला नव्हता. बहीण म्हणायची, ह्यांना पेन्शन मिळाली, शर्टाला अजून मिळायचीय.

मी त्याच जिल्ह्यात, ईटच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिथं मला अकरा वर्षं झाली. मला रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचं वेड आहे. बाईमाणसाला हे वेड शोभत नाही, असं मला तीन मुख्याध्यापकांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. चौथ्यांनी सांगायचं सोडून दिलं. आमचं माळरान त्या कामाला फार चांगलं. मोठं शहर जवळ नाही, कारखाना नाही. पवनचक्क्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे तेवढे लुकलुकतात, पण ते लांब असतात, त्यांच्याशी माझं जमलं होतं.

मग गावाला हायमास्ट आला. चौकातल्या उंच खांबावर सहा दिवे लागले. सरपंचांनी नारळ फोडला, मी सगळ्यांच्या पुढं उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि खोलीवर येऊन रडले. खोटं सांगत नाही. त्या उजेडात गावातल्या बाया निर्धास्तपणे दळण घेऊन जाऊ लागल्या, पोरं रात्री क्रिकेट खेळू लागली, सगळ्यांचं भलं झालं. माझ्या एकटीच्या चांदण्या गेल्या.

त्याच चौकाला लागून आमची जुनी शाळा होती. निजामाच्या काळातल्या काळ्या दगडाच्या दोन खोल्या. नवी इमारत झाल्यावर जुनी निर्लेखित ठरली, म्हणजे कागदावर ती मेली. जेसीबी कधी येणार तेही ठरलं, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली की येणाऱ्या सोमवारी. शाळेच्या दक्षिणेला एक जुनं खळं आहे. तिथं उभं राहून पाहिलं की ध्रुव नेमका शाळेच्या छपरावर येतो. आमच्याकडं ध्रुव फार उंच नसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तिथं सापडतो. कॅमेऱ्याचा पडदा चाळीस मिनिटं उघडा ठेवला तर त्या ध्रुवाभोवती सगळ्या चांदण्या कमानी काढतात. शाळेच्या डोक्यावर तसा एक फोटो मला हवा होता. दोन वर्षं हवा होता, पण हायमास्ट जळत असताना तो शक्य नव्हता.

हल्ली असे फोटो एकदम काढत नाहीत. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे पुष्कळ काढतात आणि कॉम्प्युटरवर जोडतात. मधला एखादा बिघडला तर काढून टाकतात. मला ते ठिगळकाम वाटायचं. माझा हट्ट एकसलग चाळीस मिनिटांचा होता. हट्टाला मी तेव्हा निष्ठा म्हणत असे.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात, शेजारच्या वाशी तालुक्यातही, ड्रोनची आवई उठली होती. रात्री आकाशात दिवे फिरतात, ते चोरांचे ड्रोन असतात, वरून घरं हेरून ठेवतात आणि मग दरोडा पडतो, अशी बोलवा. ज्यांनी जन्मात मान वर केली नव्हती ती माणसं रोज रात्री आकाश बघू लागली. एका संध्याकाळी पंधरावीस जण शुक्राला काठ्या दाखवत उभे होते. मी त्यांना सांगितलं, अहो, तो शुक्र आहे, तुमच्या आज्याच्याही आधीपासून तिथं आहे. त्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, काल तर नव्हता." मी कपाळाला हात लावला. पण त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. गावोगाव तरुणांची गस्त सुरू झाली होती, शिट्ट्या आणि काठ्या घेऊन. पलीकडच्या एका गावात भांडी विकणाऱ्या परक्या माणसाला लोकांनी आधी बडवलं आणि मग नाव विचारलं. मला हे माहीत होतं. सगळं माहीत असताना मी बेत केला.

आमच्याकडं येळवशीला सगळं गाव शेतात असतं. भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकीभर आंबील. शेजारच्यांना, रस्त्यानं जाणाऱ्यांना, ओढून ओढून जेवायला बसवतात. आंबील पोटात गेली की माणसाला जी झोप येते तिला तोड नाही. संध्याकाळी पेंढीचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात, घरी येतात आणि नऊ वाजता गाव गाढ झोपतं. वर अमावस्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही. गस्त अकराला निघायची. पावणेदहा ते साडेदहा हायमास्ट बंद राहिला तर कोण उठून बघणार होतं? लाईट काय, जातेच.

सरपंचांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. शिक्षकी पेशातली ही जुनी युक्ती आहे.

दाजींना विचारलं तेव्हा ते खूप हसले. "मास्तरीणबाई, चांदण्यांसाठी फ्यूज काढनारा म्या पैलाच वायरमन आसंन," म्हणाले. बहीण हसली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नेतीस तर ने. पर त्यास्नी पळता येत न्हाय, येवढं ध्यानात ठेव." मी म्हटलं, "पळायचं कशाला? चाळीस मिनिटं बसायचंय."

येळवशीच्या रात्री साडेनऊला आम्ही खळ्यावर पोचलो. गाव खरंच झोपलं होतं. थंडी मरणाची होती. मी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, शाळा चौकटीत घेतली. हायमास्टचा खांब डाव्या कडेला येत होता, त्याला इलाज नव्हता. खळ्यापासून खांब दीडशे पावलांवर असेल. दाजी तिथं फ्यूज काढून पेटीजवळच बसणार होते, म्हणजे काम झालं की लगेच परत बसवता यावा.

जाताना ते थांबले. "आख्ख्या गावाची डीपी पाडू का नुसता ह्यो दिवा?" मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. त्यांनी विचार केला. "दिवाच घालवतो. कुनाच्या घरी दुखनाईत मानूस आसंल, कुनाचं पोरगं अभ्यासाला बसलं आसंल. आपल्या फोटूपायी त्येंला कशाला अंधारात घालायचं." मला ते शहाणपणाचं वाटलं. चांगुलपणाचं तर होतंच.

मग ते जरा गंभीर झाले. "हे बघ. ह्या गावात मला कोन वळखत न्हाय. माझ्याजवळ कंपनीचं कारड न्हाय. कुनी आलंच, तर तू म्होरं ये. तुझा आवाज आयकला की गाव गप बसंल. म्या हाक मारतो."

"एक हाक मारा, मी आलेच," मी म्हटलं. आणि वर बजावलं, "पण दाजी, उजेड माझ्याकडं येऊ देऊ नका. मोबाईलसुद्धा लावू नका. कुणी इकडं बॅटरी मारली तर सगळं गेलं." ते हो म्हणाले आणि एका पायावर भार देत अंधारात गेले.

नऊ बेचाळीसला हायमास्ट विझला.

इतक्या वर्षांत मी त्या चौकावर एवढं आकाश पाहिलं नव्हतं. मी पडदा उघडला, रिमोटच्या वायरीवरचं बटण सरकवून अडकवलं आणि घड्याळ सुरू केलं. पहिली दहा मिनिटं मला काही म्हणता काही सुचलं नाही. मी इतकी खूश होते की थंडीही वाजत नव्हती. अंधारात शाळेची नुसती कड दिसत होती.

पण गावाकडं पाहिलं तेव्हा काहीतरी खटकलं. घराघरांतले दिवे चालू होते. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या गोठ्यात पिवळे बल्ब जळत होते. फक्त चौक काळा होता. सगळं गाव काळं झालं की ते नेहमीचं दिसतं. हे नेहमीचं दिसत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. कळून मी काय केलं? घड्याळ पाहिलं. सोळा मिनिटं झाली होती.

विसाव्या मिनिटाला एक कुत्रं भुंकायला लागलं आणि थांबेना. चोविसाव्याला कुणाचं तरी दार वाजलं. मी भिंगाला हात न लावता वाकून पाहिलं, दव तर धरत नाही ना. धरत नव्हतं. मला दाजी दिसत नव्हते, पण ते कुठं बसलेत ते माहीत होतं, आणि मी त्या जागेकडं बघायचं टाळत होते.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला शिट्टी झाली.

पहिल्यांदा एक बॅटरी दिसली. मग तीन. मग गल्लीच्या तोंडाशी उजेडाचा घोळका झाला आणि माणसांचं दबक्या आवाजातलं बोलणं येऊ लागलं. ती सगळी माझ्या डाव्या हाताला होती, खांबाच्या पलीकडं. बॅटऱ्या जमिनीकडं होत्या. मी मनात म्हटलं, येतील, दिवा बघतील, लाईट गेली म्हणतील आणि परत जातील. आणि अजून हाक कुठं आलीय? दाजी हाक मारणार होते.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वेळी माझ्या डोक्यात पहिला विचार दाजींचा आला नाही. मी मनात म्हटलं, बॅटऱ्या डाव्या कडेला आहेत, तेवढी कड नंतर कापता येईल.

मी ओरडले असते तर त्या सगळ्या बॅटऱ्या वळून थेट माझ्यावर, म्हणजे भिंगावर आल्या असत्या. एका क्षणात फोटो पांढरा झाला असता. तुकडे जोडायचे असते तर एक तुकडा टाकून दिला असता. पण मी तर निष्ठावान बाई! पुढची अमावस्या येईपर्यंत शाळा राहणार नव्हती. म्हणून मी तोंड मिटून उभी राहिले आणि हाकेची वाट पाहू लागले.

बॅटऱ्या खांबापाशी गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"कोन हाय रं? ऊठ! ऊठ म्हनतो न्हाय का!"

"वायरमन हाय म्या," दाजींचा आवाज आला. शांत होता.

"आमचा वायरमन आमी वळखतो. कारड दाव."

काही तरी पुटपुटणं झालं. मग दुसरा कुणी तरी ओरडला, "हातात काय हाय बघा त्येच्या! ड्रोनचा रिमोट हाय!" तो फ्यूज होता. चिनीमातीचा साधा फ्यूज, त्यांनी सांभाळून हातात धरलेला.

मी घड्याळ पाहिलं. साडेछत्तीस मिनिटं झाली होती.

तेव्हाच पहिली थोबाडीत बसली. दीडशे पावलांवरून तो आवाज मी ऐकला. अमावस्येच्या रात्री थंड हवेत आवाज फार स्वच्छ येतो, हे मी पोरांना विज्ञानाच्या तासाला शिकवते. दुसरीही ऐकली. "दिवा का घालवला? कितीजण हायत तुमी? बाकीचे कुठंयत?" दाजी बोलले नाहीत. त्यांनी एवढंच सांगायला हवं होतं की तुमच्या मॅडमचा पाहुणा आहे, त्या तिकडं खळ्यावर उभ्या आहेत. ते बोलले नाहीत आणि मला हाकही मारली नाही. हाक आली नाही, हाक आली नाही, असं मी मनाशी घोकत होते. माझं बोट बटणावर होतं. नुसतं मागं सरकवायचं होतं.

"दावं आना रे," कुणी तरी म्हणालं.

मग धडपड ऐकू आली आणि दाजींचा आवाज वर चढला. "पाय न्हाय, पाय धरू नगा, पाय..." आणि एक ओरडणं आलं, ते मी इथं लिहू शकत नाही. अडतीस मिनिटं वीस सेकंद. मी रडत होते बहुतेक. पण उभी होते. माझा हात तिकाटण्याला लागू नये म्हणून मी एक पाऊल मागं सरकले, हे मला अजून नीट आठवतं.

चाळीस झाली. मी बटण सोडलं. पडदा मिटल्याचा आवाज आला. मी खिशातून झाकण काढलं, भिंगावर लावलं, आणि मगच ओरडले.

"अरे थांबा! मी मॅडम आहे! सोडा त्यांना!"

सगळ्या बॅटऱ्या वळल्या. मी त्या उजेडात पळत गेले. दाजींना खांबाला गुराच्या दाव्यानं बांधलं होतं. ओठ फाटला होता, आणि आखूड पाय विचित्र वाकडा पडला होता. सगळ्यात पुढं काठी घेऊन उभा होता तो माझाच जुना विद्यार्थी, आता पिकअप चालवतो. त्यानं मला पाहिलं, दाजींना पाहिलं आणि त्याच्या हातातली काठी गळून पडली. "मॅडम, तुमचे हायत व्हय हे? मॅडम, आमाला म्हाईत न्हवतं ओ." तो दाजींच्या पायाशी बसून हमसाहमशी रडायला लागला. दाजींनी मोकळा झालेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "आसूदे," म्हणाले. "आधी तेवढा फ्यूज बसवा कुनीतरी. पेटी उगडी हाय, शॉक बसंल एखाद्याला."

दिवा लागला तेव्हा माणसं एकमेकांकडं बघेनात. पोलीस पाटील धावत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पाव्हणं, सगळ्या गावाची लाईट गेली आसती तर आमी नुसती कूस बदलली आसती. एकला दिवा गेला म्हनून समद्यांच्या उरात धडकी भरली. एकला दिवा आपोआप जात न्हाय, त्येला मानसाचा हात लागतो." चाळीस वर्षं विजेत राहिलेल्या माणसाला आणि अकरा वर्षं गावात राहिलेल्या मला हे सुचलं नव्हतं. दाजींनी लोकांची काळजी केली, तिथंच ते सापडले.

विद्यार्थ्याच्याच पिकअपमधून रातोरात धाराशिवला दवाखान्यात नेलं. सळईचे स्क्रू सैल झाले होते. पुन्हा ऑपरेशन झालं. दीड महिना दाजी खाटेवर, आणि त्यानंतर काठी आली ती कायमची.

दवाखान्यात मी बहिणीसमोर कशी उभी राहिले ते मलाच माहीत. शिव्या खायची मी तयारी केली होती. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तू व्हतीस म्हनून ह्यांचा जीव वाचला. तू न्हाय पळत आली आसतीस तर..." गावातही तेच. मॅडम अंधारातून धावत आल्या, मॅडम नसत्या तर अनर्थ झाला असता. सरपंचांनी ग्रामसभेत माझं कौतुक केलं. ज्या बाईनं न विचारता दिवा घालवायला लावला, तिचं कौतुक! मी ते ऐकून घेतलं. नको म्हणायला तोंड उघडलं की सगळंच सांगावं लागेल, या भीतीनं मी गप्प राहिले. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

रात्री मात्र मी स्वतःला एकच सांगत असे: हाक आली नव्हती. हाक मारतो म्हणाले होते, मारली नाही, म्हणजे तेवढं काही नसेल असं मला वाटलं. या एका वाक्याच्या आधारानं मी तीन महिने काढले.

फोटो चांगला आला. चांगला म्हणजे माझ्या हातून त्याआधी तसा आला नव्हता आणि नंतरही येणार नाही. काळ्या शाळेवर चांदण्यांच्या कमानी, कुठं तुटलेली नाही, कुठं हललेली नाही. डाव्या कडेला खालच्या बाजूला बॅटऱ्यांच्या रेघा होत्या. गल्लीतून निघून खांबापाशी आलेल्या, आणि खांबाच्या बुडाशी उजेडाचा एक गोळा. तेवढा भाग मी कापला. कापलेला फोटो नव्या शाळेच्या दारात मोठा करून लावलाय. येणारे जाणारे बघतात, पोरं त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढतात.

मार्चमध्ये त्याचीच एक फ्रेम घेऊन मी येडशीला गेले. खरं तर जायचं मी टाळत होते, पण दाजींनी तीनदा फोन केला. माझा फोटो मला दावशील का न्हाय, म्हणाले. ते ओसरीवर बसले होते, काठी भिंतीला लावलेली. त्यांनी चष्मा लावला, फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहिली. बोट काचेवरून फिरवत त्यांनी ध्रुव शोधला. मग बोट डावीकडं नेलं आणि थांबले.

"आमचा खांब कुठं गेला?"

"कापला," मी म्हटलं. "तिथं उजेड आला होता."

"बरं केलंस," दाजी म्हणाले. "बाकीचा बिघडला न्हाय न्हवं? म्या तेवढ्यासाठीच तुला हाक मारली न्हाय बघ. त्येंनी मला धरलं तवा तोंडात आली व्हती हाक. पर म्हनलं, हाक मारली की तू बोलशील, तू बोललीस की हे समदे तिकडं बॅटऱ्या मारतील. दोन वरसं तू त्या फोटूपायी जीव टाकत व्हतीस. म्हनलं, दोन थोबाडीत खाऊन निभत आसंल तर निभू दे. थोबाडीतला आवाज काय तुला तिकडं ऐकू येनार न्हवता." ते हसले आणि आत बघून बहिणीला म्हणाले, "आगं, बघ की, किती भारी आलाय."

मला वाटलं, आता गप्प बसले तर मी जन्मभर गप्प बसेन.

"दाजी, मला ऐकू आलं होतं," मी म्हणाले. "सगळं. पहिल्या थोबाडीतपासून. फोटो संपेपर्यंत मी थांबले."

त्यांनी वर पाहिलं नाही. बहीण दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. दाजींनी चष्मा काढला, खाकी शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"किती येळ?"

"साडेतीन मिनिटं."

त्यांनी फोटोकडं पाहिलं, डाव्या कडेला, जिथं काहीच नव्हतं.

"साडेतीनच व्हय?" दाजी म्हणाले. "मला लई वाटली."